टॉड, अलेक्झांडर रॉबर्टस

(२ ऑक्टोबर १९०७ – १० जानेवारी १९९७). ब्रिटिश कार्बनी रसायनशास्त्रज्ञ व ब्रिटनच्या विज्ञानविषयक धोरणाचे प्रमुख सल्लागार. न्यूक्लिओटाइडे व न्यूक्लिओटाइड सहएंझाइमे यांवरील संशोधनाबद्दल त्यांना १९५७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

टॉड यांचा जन्म ग्लासगो येथे झाला. ग्लासगो विद्यापीठाची पदवी घेतल्यावर (१९२८) त्यांनी फ्रँकफुर्ट (१९३१) व ऑक्सफर्ड (१९३३) येथे डॉक्टरेट संपादन केली. एडिंबरो येथे त्यांनी ब१ जीवनसत्त्वावर संशोधन केले. मँचेस्टर येथे १९३८ पासून व केंब्रिज येथे १९४४–७१ या काळात ते प्राध्यापक होते.

न्यूक्लिओटाइडात नायट्रोजनयुक्त क्षारक, शर्करा व फॉस्फेट हे तीन घटक असतात. हे घटक नेमके कोठे जोडलेले आहेत, हे टॉड यांनी संश्लेषणाच्या साहाय्याने सिद्ध केले. पेशीतील ऊर्जाविनिमयात महत्त्वाचे असलेले ॲडिनोसीन ट्रायफॉस्फेट त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये संश्लेषित केले. न्यूक्लिइक अम्लांच्या साखळीत लगतच्या शर्करा ३ व ५ क्रमांकांच्या कार्बन अणूंमधून फॉस्फेटाने सांधलेल्या असतात, हे १९५२ मध्ये दाखविण्यात आले. पुढील वर्षी मांडलेल्या डीएनएच्या दुहेरी सर्पिल प्रतिकृतीस याच रचनेचा आधार होता. हरगोविंद खोराना यांनीही केंब्रिज येथे त्यांच्याबरोबर काम केले. ब१२ जीवनसत्त्वाची संरचना ठरविण्यातही (१९५५) टॉड यांचा वाटा होता.

विज्ञान धोरण सल्लागार मंडळाचे ते १९५२–६४ या काळात अध्यक्ष होते. प्राध्यापकपद न सोडता त्यांनी ही जबाबदारी सांभाळली. संशोधनाची एकूण दिशा व देशाला लागणारे शास्त्रीय मनुष्यबळ यांविषयी मंडळ शासनास सल्ला देई. मात्र निधी व अंमलबजावणी यांवर त्याचा अधिकार नव्हता. सल्ला व अधिकार यांतील हे अंतर त्यांच्या पुढील कार्यातही दिसते. वैद्यकीय शिक्षणविषयक शाही आयोगाचे अध्यक्ष (१९६५–६८) या नात्याने त्यांनी विद्यार्थिसंख्या वाढवावी, पदव्युत्तर प्रशिक्षण सुसूत्र करावे व लंडनमधील वैद्यकीय विद्यालये जोडीजोडीने एकत्र आणावीत, अशा शिफारशी केल्या. विद्यालयांची विलीनीकरणे मात्र १९८० नंतरच घडून आली.

त्यांना १९५४ मध्ये ‘सर’ हा किताब, १९६२ मध्ये आजीव उमरावपद व १९७७ मध्ये ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा सन्मान मिळाला. रॉयल सोसायटीचे ते १९७५–८० या काळात अध्यक्ष होते. अ टाइम टू रिमेंबर (१९८३) हे त्यांचे आत्मचरित्र होय. ते केंब्रिज येथे निधन पावले.