कॉम्प्युटर आपोआप बंद पडतो तेव्हा

आजचं बोलणं दोंडाईचा आणि आसपासच्या गावांतल्या त्या गटांसाठी आहे, ज्यांच्याकडे जुना, टेबलावरचा कॉम्प्युटर आहे. कुणाला तो ग्रामसंघाच्या खोलीत मिळाला, कुणी शाळेने बदललेला विकत घेतला, कुणाच्या मुलाने एमएससीआयटीच्या वेळी घेतलेला आता गटाकडे आला. तक्रार मात्र एकच ऐकू येते: "ताई, चालता चालता बंद पडी जास." महिन्याची बचत भरून होत आलेली असते, व्याजाचा रकाना राहिलेला असतो आणि पडदा एकदम काळा.

दुकानात नेला की बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळतं. एक म्हणजे "जुना झाला, नवीन घ्या." दुसरं म्हणजे "तुम्ही बायांनी काहीतरी दाबलं असेल." दुसऱ्या उत्तराकडे तर लक्षच देऊ नका. चुकीचं बटण दाबल्याने हिशेब चुकेल, पण रोज दुपारी अर्ध्या तासाने मशीन बंद पडणार नाही. आणि पहिलं उत्तर ऐकून वीस-पंचवीस हजारांचा ठराव करण्याआधी एवढं लक्षात घ्या की मेलेला कॉम्प्युटर मुळात सुरूच होत नाही. जो सुरू होतो, काम करतो आणि मग बंद पडतो, त्याला बहुतेक वेळा ताप आलेला असतो किंवा त्याला वीज पुरत नसते. या दोन्ही गोष्टी बऱ्याचदा थोडक्या पैशांत निभावतात.

पण दुरुस्तीच्या आधी हिशेब वाचवा. फाईल सेव्ह होत असतानाच वीज गेली तर ती फाईल पुन्हा उघडेलच असं नाही. म्हणून कॉम्प्युटर चालू असेल तेवढ्या वेळात सगळ्यात आधी गटाच्या फाईली पेनड्राईव्हवर घ्या, आणि शक्य असेल तर दुसऱ्या पेनड्राईव्हवरही. एक सचिवाकडे, एक अध्यक्षांकडे. काम करताना दर दोन-चार ओळींनी कंट्रोल आणि एस ही बटणं एकत्र दाबायची सवय लावा. कागदी वह्या कॉम्प्युटर आला म्हणून बंद केल्या असतील तर त्या पुन्हा सुरू करा. हे आम्ही जरा जोर देऊनच सांगतो.

आता निदान. त्याला लागणारं पहिलं साधन तुमच्याकडे आहेच, ते म्हणजे वही. हजेरी लिहिता तशीच आठवडाभर नोंद ठेवा: किती वाजता सुरू केला, किती वेळाने बंद पडला, त्या वेळी काय चाललं होतं, खोलीत उकाडा कसा होता, दिवा मिणमिणला का. आणि बंद पडला म्हणजे नेमकं काय झालं तेही लिहा. फक्त पडदा काळा झाला, पण खालचा डबा, ज्याला आपण सीपीयू म्हणतो, तो घूं घूं करतोच आहे? मग दोष पडद्यात किंवा त्याच्या वायरीत आहे. डब्यावरचा दिवा लुकलुकतोय? मग तो झोपला आहे, ती विंडोजमधली सेटिंग आहे, माऊस हलवून किंवा डब्याचं बटण एकदा दाबून जागा होईल. निळा पडदा क्षणभर येऊन पुन्हा स्वतःच सुरू होतो? तो वेगळा आजार आहे, रॅम किंवा विंडोजचा असू शकतो. आणि पंख्यासकट सगळंच एका झटक्यात गप्प झालं, तर ते आजचं आपलं दुखणं.

वहीतल्या वेळा बघितल्या की बरंच कळतं. सुरू केल्यावर काही सेकंदांतच बंद होतो की दहा-वीस मिनिटांनी? सकाळी तास-दोन तास चालतो आणि दुपारी टिकत नाही का? शेजारची चक्की किंवा आपलंच कांडप यंत्र सुरू झालं की जातो का? प्रिंट काढताना जातो का? प्रत्येकाचं कारण वेगळं निघतं.

पुष्कळ जण म्हणतात व्हायरस आहे, फॉरमॅट मारा. फॉरमॅट म्हणजे आतलं सगळं पुसणं, म्हणून ते सगळ्यात शेवटी. त्याआधी एक फुकटची परीक्षा करा. कॉम्प्युटर सुरू करताच डिलीट किंवा एफ २ हे बटण पुन्हा पुन्हा दाबत राहा. एक साधा अक्षरांचा पडदा येतो, त्याला बायोस म्हणतात. इथे विंडोज अजून सुरूच झालेली नसते, त्यामुळे विंडोजमधल्या व्हायरसचाही प्रश्न नसतो. तिथे काही न बदलता कॉम्प्युटर अर्धा-पाऊण तास तसाच ठेवा. इथेही बंद पडला, तर दोष यंत्रात किंवा विजेत आहे आणि फॉरमॅटने काही होणार नाही. दुकानदाराला हे शांतपणे सांगता येतं. मात्र इथे टिकला म्हणून यंत्र निर्दोष ठरत नाही, कारण बायोसमध्ये त्याच्यावर कामाचा भार थोडा असतो.

याच पडद्यावर बहुतेक मशीनमध्ये हार्डवेअर मॉनिटर किंवा पीसी हेल्थ नावाचं पान असतं. तिथे सीपीयूचं तापमान दिसतं. पन्नास-साठच्या घरात असेल तर आपल्या हवेत ठीक म्हणायचं. डोळ्यांसमोर आकडा चढत ऐंशीच्या पुढे गेला, तर चोर सापडला.

हा ताप येतो कसा? डब्याच्या आत मदरबोर्डवर प्रोसेसर नावाची चौकोनी चकती असते. सगळी आकडेमोड तीच करते आणि त्यात तापते. तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा ठोकळा बसवलेला असतो, त्याला हीट सिंक म्हणतात, आणि त्यावर पंखा. ठोकळा उष्णता ओढून घेतो, पंखा ती उडवतो. गेल्या वीसेक वर्षांतल्या प्रोसेसरांमध्ये एक सोय असते. ताप वाढला की ते आधी काम हळू करतात, आणि मॉडेलप्रमाणे साधारण शंभर अंशांच्या आसपास गेले की जळू नये म्हणून स्वतःच वीज तोडायला लावतात. आपल्याला वाटतं बिघडला, तो स्वतःचा जीव वाचवत असतो. म्हणून बंद पडल्याबरोबर चिडून पुन्हा पुन्हा बटण दाबू नका. अर्धा तास निवू द्या.

खान्देशात हे दुखणं जास्त का, तेही समजून घ्या. हा पंखा म्हणजे काही कूलर नव्हे. तो खोलीतलीच हवा आत फिरवतो. खोलीत वीस अंश असताना प्रोसेसर पन्नासवर राहत असेल, तर मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत बेचाळीस अंश असताना तोच कॉम्प्युटर तेच काम करताना बहात्तरच्या आसपास जाणार. त्यात पात्यांमध्ये धूळ बसली की संपलंच. आणि आपल्याकडची धूळ साधी नाही. भाव येईल म्हणून कापूस घरात भरून ठेवतो, त्याचा तूस उडतो आणि पात्यांवर नमद्यासारखा थर बसतो. मिरचीच्या हंगामात खळ्यांवरून आणि कांडपातून उडणारी बारीक पूड त्याच थरात अडकते. वरून पंखा गरगर फिरताना दिसतो, पण खाली हवा जातच नाही. पंखा चालू आहे म्हणून मेकॅनिक पुढे जातो आणि खरं कारण तिथेच राहतं.

सफाई तुम्ही स्वतः करू शकता. कॉम्प्युटर बंद करा, मागची वायर बोर्डातून काढा, मग सुरू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाईल. डबा ओट्यावर किंवा अंगणात आणा. तोंडाला आणि डोळ्यांना ओढणी बांधा, आत मिरची आहे हे विसरू नका. बाजूचं झाकण दोन स्क्रूवर असतं. आधी डब्याच्या मोकळ्या पत्र्याला हात लावा. मग भिंत रंगवायचा कोरडा, मऊ, नवा ब्रश घेऊन पात्यांमधली धूळ सोडवा आणि ब्लोअरने किंवा सायकलच्या पंपाने उडवा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, जोरात फिरलं तर पंखा खराब होऊ शकतो. ओला फडका नको. तोंडाने फुंकरही नको, थुंकी उडते. मागच्या बाजूला एसएमपीएस नावाचा पत्र्याचा डबा आहे, वीज त्यातून आत येते. त्याच्या जाळीवर बाहेरूनच हवा मारा, तो उघडू नका. वायर काढल्यावरही त्याच्या आत जोराचा झटका देण्याइतकी वीज साठलेली असू शकते. ही एक गोष्ट कुणी कितीही धीट असली तरी करायची नाही.

झाकण उघडलंच आहे तर ठोकळा हलक्या हाताने हलवून बघा. अनेक मशीनमध्ये तो चार प्लॅस्टिकच्या खुंट्यांवर बसतो, त्यातली एखादी निसटलेली असते. ठोकळा नीट टेकला नाही तर कॉम्प्युटर सुरू केल्यावर थोड्याच वेळात जातो.

ठोकळा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये पांढरट किंवा राखाडी पेस्ट असते. तिचं काम भाकरीवरून समजेल. भाकरी तव्याला जिथे टेकत नाही तिथे कच्ची राहते. तसंच दोन धातू वरून सपाट दिसले तरी मध्ये बारीक फटी असतात, त्यात हवा राहते आणि उष्णता पुढे जात नाही. पेस्ट त्या फटी भरते. काही वर्षांनी ती सुकून खडूसारखी होते. जुनी पुसून तुरीच्या डाळीएवढी नवी लावली की झालं. जास्त लावून फायदा नाही. पेस्टची छोटी पुडी शंभराच्या आत मिळते, पण ठोकळा काढताना पहिल्यांदा जाणकार माणूस शेजारी असू द्या, कारण काही जुन्या मशीनमध्ये सुकलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरच उपटून येतो आणि त्याच्या बारीक पिना वाकतात.

जागाही बदलून बघा. डबा भिंतीला चिकटवून, वर रुमाल घालून, शेजारी तांदळाचं पोतं ठेवून आपणच त्याचा श्वास कोंडतो. मागे वीतभर मोकळी जागा हवी. उन्हाळ्यात मोठं काम सकाळी करा. खोलीतल्या कूलरचा झोत थेट डब्यावर सोडू नका. ओल आणि धूळ मिळून आत चिखल होतो.

आता वीज. वहीत चक्की, कांडप, मोटार असं काही दिसलं, किंवा बंद पडताना दिवा मिणमिणला, तर व्होल्टेज पडतंय. घरची वीज २३० व्होल्टची असायला हवी. ती फार खाली आली की एसएमपीएस हात टेकतो. कांडप यंत्र आणि कॉम्प्युटर एका बोर्डावर ठेवू नका, एकाच खोलीत तर नकोच.

यूपीएस असेल तर त्याच्याकडे आधी बघा. त्याची बॅटरी साधारण दोन-तीन वर्षांत थकते आणि मग वीज क्षणभर डगमगली तरी सगळं बंद होतं. ज्याने वाचवायचं तोच पाडतो. कॉम्प्युटर एक-दोन दिवस यूपीएस सोडून सरळ बोर्डाला लावून चालवा. टिकला, तर दोष यूपीएसचा, आणि बऱ्याचदा नुसती बॅटरी बदलून भागतं. प्रिंट काढताना बंद पडत असेल तर लेझर प्रिंटर यूपीएसला जोडला आहे का बघा. कागदावर शाई भाजण्यासाठी तो एकदम खूप वीज ओढतो, लहान यूपीएसला ते झेपत नाही. प्रिंटरची पिन सरळ भिंतीतल्या बोर्डाला लावा.

मागची जाड वायर ढिली आहे का, एक्स्टेंशन बोर्ड गरम होतो का, हे बघायला दोन मिनिटंही लागत नाहीत. डब्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर अर्थिंग नाही. आधी वायरमनला बोलवा, कॉम्प्युटर नंतर.

एक गंमतीची गोष्ट. सुरू करायचं बटण चारेक सेकंद दाबून धरलं की कॉम्प्युटर जबरदस्तीने बंद होतो, ही मुळातली सोय आहे. जुनं बटण धुळीने आत अडकून राहिलं तर मशीन समजतं की कुणीतरी दाबून धरलंय. सुरू होऊन चार-पाच सेकंदांत दर वेळी बंद होत असेल तर बटण टचकन बाहेर येतं का ते बघा.

एवढं करूनही बंद पडतच असेल तर एसएमपीएस किंवा मदरबोर्ड. झाकण उघडं असताना मदरबोर्डवर छोटे उभे डबे दिसतात, त्यांना कॅपॅसिटर म्हणतात. त्यांचं डोकं सपाट असायला हवं. पुरीसारखं फुगलेलं किंवा तपकिरी चिकट गळलेलं असेल तर तेच कारण असू शकतं. २००० नंतरच्या काही वर्षांत बनलेल्या पुष्कळ मदरबोर्डांवर कॅपॅसिटर मुळातच खराब बसले होते. एसएमपीएसची परीक्षा सोपी आहे, दुकानदाराला दुसरा चांगला एसएमपीएस तासभर लावून दाखवायला सांगा. लावून न बघता "मदरबोर्ड गेला" म्हणणाऱ्याला वहीतली नोंद दाखवा आणि विचारा, मग सकाळी दोन तास चालतो कसा?

दुरुस्तीला देताना गटाच्या ठरावात खर्चाची मर्यादा लिहा. पावतीवर "डेटा पुसू नये, न विचारता फॉरमॅट करू नये" असं लिहून सही घ्या. बदललेला जुना भाग परत मागा. आणि हे विसरू नका की त्या मशीनमध्ये आपल्या बायांची आधार कार्डं, पासबुकं, फोटो स्कॅन करून ठेवलेले असतात. ते पेनड्राईव्हवर घेऊन मशीनमधून काढा. नाहीतर हार्ड डिस्क बाहेर काढून स्वतःकडे ठेवा, पेस्ट किंवा एसएमपीएस बदलायला ती लागत नाही.

मदरबोर्ड खरोखरच गेला आणि नवा घेण्याचं ठरलं, तरी हार्ड डिस्क बहुधा चांगलीच असते. एका साध्या यूएसबी डब्यात ती बसवली की नव्या कॉम्प्युटरला पेनड्राईव्हसारखी जोडता येते आणि जुने हिशेब मिळतात. बाकीचा डबा भंगारात गेला तर जाऊ द्या. हार्ड डिस्क मात्र त्याच्यासोबत जाऊ देऊ नका, ती गटाच्या कपाटात, वह्यांच्या शेजारी ठेवा.