दम कसा वाढतो?

माझा दादा पोलीस भरतीची तयारी करतो. त्यात मुलांना १६०० मीटर धावावे लागते. दादा म्हणतो, "पयलेच जोरात पयशीन तं अर्ध्यातच दम लागते!" म्हणून रोज बोलता येईल इतकेच हळू धावावे. त्यानेसुद्धा हृदय बळकट होते, पायांना जास्त रक्त मिळते. मग अंतर थोडे थोडे वाढवावे. जोरात धावणे आठवड्यातून एक-दोनदाच, आणि एक दिवस आराम.

बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे शेतकऱ्याचे पुत्र. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्यांना रौप्यपदक मिळाले. वेळ ८ मिनिटे ११.२० सेकंद. सुवर्णपदक फक्त ०.०५ सेकंदाने हुकले! एवढा दम एका दिवसात येत नाही. तो रोज थोडा थोडा जमवावा लागतो.