मृत्युपत्र होतं, तरीही पंधरा वर्षं कोर्टकचेऱ्या

एखादा मोठा गायक किंवा संगीतकार गेला आणि थोड्याच दिवसांत त्याच्या मुलाबाळांची नावं कोर्टाच्या बातम्यांत दिसू लागली, की वाचणाऱ्यांच्या मनात दोन गोष्टी पक्क्या होतात. वेळेवर मृत्युपत्र केलं असतं तर ही वेळ आली नसती, ही पहिली. मुलांना कलेचं काही नाही, फक्त पैसा हवा, ही दुसरी. अमेरिकेत गाजलेल्या अशा प्रकरणांकडे बारकाईने पाहिलं तर या दोन्ही समजुती अपुऱ्या ठरतात. मृत्युपत्र असलेल्या घरांत भाऊबंदकी झाली, ट्रस्ट केलेल्या घरांतही झाली, आणि वादाचा गाभा ‘कोणाला किती’ यापेक्षा ‘यापुढे ठरवणार कोण’ हा होता. जमिनीचे तुकडे पाडून प्रत्येकाच्या नावावर सातबारा करता येतो, गाण्याचं तसं करता येत नाही. गाणं निर्मात्याच्या मृत्यूनंतरही रोज वाजतं, जाहिरातीत जातं, चित्रपटात जातं, आणि दर वेळी कोणीतरी होकार किंवा नकार द्यावा लागतो. तो अधिकार कोणाकडे आहे, याचं उत्तर धूसर राहिलं की सगळ्यांत स्पष्ट मृत्युपत्रही पुरं पडत नाही.

याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे जेम्स ब्राउन. सोल आणि फंक संगीताचा हा दिग्गज गायक २५ डिसेंबर २००६ रोजी अटलांटात वारला, तेव्हा त्याची इच्छा कागदावर होती. १ ऑगस्ट २००० रोजी सही केलेल्या मृत्युपत्रात घरातल्या व्यक्तिगत चीजवस्तू सहा मुलांना नावानिशी दिल्या होत्या. नातवंडांच्या शिक्षणासाठी वेगळी तरतूद होती. गाण्यांच्या हक्कांसह उरलेलं जवळजवळ सगळं एका धर्मादाय ट्रस्टला जायचं होतं, आणि त्यातून साउथ कॅरोलायना व जॉर्जिया या दोन राज्यांतल्या गरजू मुलांना शिष्यवृत्त्या मिळायच्या होत्या. या मृत्युपत्राला जो आव्हान देईल त्याचा हिस्सा रद्द, असंही कलम घातलेलं होतं. स्वतः कमालीच्या गरिबीत वाढलेल्या माणसाने इतका स्वच्छ विचार करून ठेवला होता. तरीही वाद पेटला. आधी विश्वस्तांच्या कारभारावर आरोप झाले आणि त्यांना पायउतार व्हावं लागलं. मग राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने मध्ये पडून २००९ मध्ये तडजोड घडवली. तिच्यात धर्मादाय ट्रस्टच्या वाट्याला जेमतेम निम्मी मालमत्ता उरली आणि बाकीची पत्नी म्हणून दावा करणारी सहगायिका व मुलं यांच्यात वाटली गेली. २०१३ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या सर्वोच्च न्यायालयाने ही तडजोडच उलथवली. ब्राउनने विचारपूर्वक आखलेली योजना मोडून काढण्याचा अधिकार अ‍ॅटर्नी जनरलला नाही, असा त्या निकालाचा आशय होता. निकाल मला पूर्णपणे योग्य वाटतो. पण तो येईपर्यंत सहा वर्षं गेली होती, आणि प्रकरण त्यानंतरही आठ वर्षं चाललं.

मग घोडं अडलं कुठे? मृत्युपत्राची भाषा संदिग्ध होती म्हणून नव्हे. ब्राउनने सही केल्यानंतर त्याचं आयुष्य पुढे सरकलं. २००१ च्या जूनमध्ये एक मुलगा जन्मला, डिसेंबरमध्ये त्या मुलाच्या आईशी, म्हणजे त्या सहगायिकेशी, लग्न झालं. मृत्युपत्रात दोघांचाही उल्लेख नाही, कारण ते आधीचं. पुढे उघड झालं की लग्नाच्या वेळी त्या बाईंचा आधीचा विवाह कायदेशीररीत्या संपलेला नव्हता, तो रद्द ठरला २००४ मध्ये. म्हणजे त्या पत्नी होत्या की नव्हत्या? बाहेरून पाहणाऱ्याला हा नात्यांमधला कडवटपणा वाटतो. प्रत्यक्षात या एका प्रश्नावर गाण्यांचं भवितव्य अवलंबून होतं. अमेरिकी कॉपीराइट कायद्यात अशी तरतूद आहे की गीतकार-संगीतकाराने आपले हक्क कंपनीला देऊन टाकले असले, तरी ठरावीक वर्षांनी ते परत मागता येतात. १९७८ नंतरच्या करारांना साधारण ३५ वर्षांनी आणि त्याआधीच्या गाण्यांना ५६ वर्षांनी ही संधी येते. निर्माता हयात नसेल तर हा अधिकार पत्नी आणि मुलांकडे जातो, निम्मा पत्नीकडे आणि निम्मा मुलांकडे. मृत्युपत्रात काहीही लिहिलं असलं तरी त्याने हे बदलत नाही. ब्राउनने सगळी गाणी ट्रस्टला दिली असली, तरी या अधिकाराच्या किल्ल्या त्याच्या हातात कधीच नव्हत्या. मृत्युपत्र म्हणजे शेवटचा शब्द, ही समजूत इथे पुरती खोटी ठरते. २०२० मध्ये न्यायालयाने तो विवाह अवैध ठरवला, २०२१ च्या जुलैमध्ये कुटुंबात समझोता झाला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘प्रायमरी वेव्ह’ या कंपनीने ही मालमत्ता विकत घेतली. किंमत सुमारे ९ कोटी डॉलर असल्याच्या बातम्या होत्या. तोवर पंधरा वर्षं उलटली होती आणि शिष्यवृत्तीचा एक डॉलरही कोणा मुलाच्या हाती पडला नव्हता.

मृत्युपत्र नसेल तर सगळं कोसळतं, ही पहिल्या समजुतीची दुसरी बाजू. तीही तपासायला हवी. पॉप गायक प्रिन्स २१ एप्रिल २०१६ रोजी गेला आणि त्याचं मृत्युपत्र सापडलं नाही. दावेदारांची रांग लागली हे खरं, पण वारस कोण हा प्रश्न मिनेसोटाच्या कायद्याने साधारण वर्षभरात सोडवला: एक सख्खी बहीण आणि पाच सावत्र भावंडं, सगळ्यांना सारखा हिस्सा. खरा विलंब झाला तो मालमत्तेचं मोल ठरवण्यात. व्यवस्थापकांनी ते ८.२३ कोटी डॉलर धरलं, करखात्याने १६.३२ कोटी. दोन्ही बाजू २०२२ मध्ये १५.६४ कोटींवर स्थिरावल्या आणि त्यानंतरच वाटणी झाली. दोन भाऊ त्याआधीच वारले होते. गायिका अरीथा फ्रँकलिन २०१८ मध्ये गेली तेव्हा तिचंही मृत्युपत्र नाही असं सगळे धरून चालले होते. पुढच्या वर्षी तिच्या घरात हाताने लिहिलेली मृत्युपत्रं निघाली. २०१० चं कुलुपबंद कपाटात होतं. २०१४ चं सोफ्याच्या गादीखाली वहीत होतं आणि त्यावरच्या सहीतल्या पहिल्या अक्षरात हसरा चेहरा काढलेला होता. २०२३ मध्ये मिशिगनच्या ज्युरीने तासाभराच्या आत वहीतलं मृत्युपत्र ग्राह्य धरलं. वकिलाने टंकून न दिलेला कागद कवडीमोल, हा समज त्या दिवशी निकालात निघाला. मात्र दोन कागद मागे राहिले आणि मुलगे एकमेकांविरुद्ध उभे ठाकले, हेही तितकंच खरं.

ट्रस्ट केला की भांडण टळतं, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी झापा कुटुंबाकडे पाहावं. रॉक संगीतकार फ्रँक झापा १९९३ मध्ये गेला आणि सगळं पत्नी गेलकडे आलं. २०१५ मध्ये गेल गेली तेव्हा फॅमिली ट्रस्टमध्ये चार मुलांचे हिस्से असे होते: अहमेत आणि दीवा यांना ३० टक्के प्रत्येकी, मून आणि ड्वीझिल यांना २० टक्के. विश्वस्त झाले अहमेत आणि दीवा. टक्केवारीतला दहाचा फरक लोकांच्या डोळ्यांत भरला, पण ट्रस्टवर लाखो डॉलरचं कर्ज असताना त्या टक्क्यांचा हातात पडणारा अर्थ थोडा होता. घाव बसला तो कारभाराच्या अधिकाराने. वडिलांच्या रचना वर्षानुवर्षं रंगमंचावर वाजवणाऱ्या ड्वीझिलला आपल्या दौऱ्याचं ‘झापा प्लेज झापा’ हे नाव बदलावं लागलं, कारण ते नाव ट्रस्टच्या मालकीचा ट्रेडमार्क होतं. स्वतःचं आडनाव पोस्टरवर कसं छापायचं, हे भावंडांना विचारायची पाळी येणं म्हणजे काय, हे कोणत्याही हिशेबाच्या तक्त्यात दिसत नाही. भावंडांचा समझोता व्हायला २०१८ उजाडलं.

यावर कोणी म्हणेल, शेवटी हा लोभच, त्याला कारभाराचं नाव दिलं एवढंच. लोभ नसतो असं म्हणता येणार नाही. पण लोभ तर प्रत्येक श्रीमंत घरात असतो, मग काही वारसे मोडकळीस येतात आणि काही उभे राहतात, याचं कारण लोभातून मिळत नाही. मायकल जॅक्सन २००९ मध्ये गेला तेव्हा त्याच्या डोक्यावर कोट्यवधी डॉलरचं कर्ज होतं आणि कुटुंबात नाराजीही भरपूर होती. भावंडांपैकी काहींनी मृत्युपत्रावरच शंका घेतली, आईनेही व्यवस्थापकांना विरोध केला. पण २००२ च्या त्या मृत्युपत्राने कुटुंबाबाहेरच्या माणसांना व्यवस्थापक नेमलं होतं आणि निर्णयाचा अधिकार त्यांच्याकडे निःसंदिग्ध होता. भांडणं चालू असतानाच त्यांनी कर्ज फेडलं आणि उत्पन्न वाढवलं. बाहेरचा माणूस नेमणं हा रामबाण नव्हे, त्याच्या मोबदल्यावरूनही खटके उडतात, आणि ब्राउनचे पहिले विश्वस्तही कुटुंबाबाहेरचेच होते. म्हणून माझं म्हणणं इतकंच की अधिकार कोणाचा, त्याच्यावर देखरेख कोणाची आणि त्याला दूर कसं करायचं, ही तीन उत्तरं वाटणीच्या टक्क्यांपेक्षा महत्त्वाची आहेत.

आपल्याकडे अमेरिकेसारखा ३५ वर्षांनी हक्क परत मागण्याचा नियम नाही. पण भारतीय कॉपीराइट कायद्यात संगीतकाराच्या आणि गीतकाराच्या रचनेचं संरक्षण त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतं, आणि २०१२ च्या दुरुस्तीमुळे चित्रपटगीतांच्या रॉयल्टीतला वाटा त्यांना कंपनीला लिहून देता येत नाही, तो वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीलाच देता येतो. म्हणजे इथल्या संगीतकार-गीतकारांच्या घरांतही दोन पिढ्या टिकणारी मालमत्ता आहे, आणि कपाटात ठेवलेल्या अप्रकाशित ध्वनिमुद्रणांचा प्रश्न वेगळाच. हाताने लिहिलेलं मृत्युपत्र आपल्याकडेही चालतं, स्टॅम्पपेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. बँकेत नॉमिनी म्हणून लिहिलेलं नाव म्हणजे मालकी नव्हे, हेही ध्यानात ठेवावं. ज्या घरात संगीत आहे त्यांनी मृत्युपत्रात हिस्से लिहिण्याआधी एक्झिक्युटरचं नाव लिहावं, ध्वनिमुद्रणं, नाव आणि छायाचित्रं वापरू देण्याचा निर्णय कोणी घ्यायचा ते लिहावं, आणि घरात लग्न, घटस्फोट किंवा जन्म झाला की तो कागद पुन्हा काढून नव्याने करावा.