इम्प्रिमातुर : कॅथलिक चर्चमधील ग्रंथपरीक्षणाची पद्धती व तिच्या मर्यादा

जुन्या कॅथलिक ग्रंथांत शीर्षकपृष्ठाच्या मागील बाजूस बहुधा दोन लॅटिन नोंदी आढळतात. ‘निहिल ऑब्स्टाट’ म्हणजे ‘कोणतीही आडकाठी नाही’. तिच्यासोबत परीक्षकाचे नाव असते. ‘इम्प्रिमातुर’ म्हणजे ‘छापले जावे’. तिच्यासोबत बिशपांचे नाव व दिनांक असतो. लेखक एखाद्या धर्मसंघाचा सदस्य असेल, तर संघाच्या वरिष्ठांची अनुमतीही लागते. या नोंदींवरून ग्रंथातील सर्व मते चर्चला मान्य आहेत, असा अर्थ सर्रास काढला जातो. वस्तुतः अनुमतीचा आशय पुष्कळच मर्यादित आहे. श्रद्धा व नीती यांविषयीच्या चर्चच्या शिकवणुकीस बाधक असे काही परीक्षकास आढळले नाही, एवढेच ती सांगते. ग्रंथातील इतिहास, विज्ञान वा तर्क बरोबर आहे, याची हमी तीत नसते.

या व्यवस्थेचा उगम मुद्रणकलेच्या प्रसारात आहे. पाचव्या लॅटरन परिषदेत १५१५ साली पोप दहावे लिओ यांनी असा नियम केला की, रोममध्ये पोपचे प्रतिनिधी व अन्यत्र बिशप आणि इन्क्विझिटर यांच्या तपासणीशिवाय कोणताही ग्रंथ छापला जाऊ नये. नियमभंगासाठी ग्रंथाची होळी, शंभर डुकाट दंड, एक वर्ष मुद्रणबंदी व बहिष्कार अशा शिक्षा सांगितल्या होत्या. दंडाची रक्कम रोममधील सेंट पीटर चर्चच्या बांधकामास जावयाची होती, ही गोष्ट त्या काळाविषयी बरेच काही सांगून जाते. मराठीच्या अभ्यासकांस या व्यवस्थेचा माग आपल्या वाङ्मयातही लागतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापले गेले, ते इन्क्विझिशन व स्थानिक धर्माधिकारी यांच्या परवान्यानेच.

अनुमती मिळाली म्हणजे लेखक सुरक्षित झाला, असे मात्र कधीच नव्हते. गॅलिलिओचा ‘संवाद’ हा ग्रंथ १६३२ साली फ्लॉरेन्स येथे प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यावर रोम व फ्लॉरेन्स या दोन्ही ठिकाणच्या अनुमती छापलेल्या होत्या. पोपच्या दरबारातील ग्रंथपरीक्षणाचे प्रमुख निक्कोलो रिकार्दी यांनी दीर्घ चालढकलीनंतर, प्रस्तावना व समारोप यांविषयी अटी घालून संमती दिली होती. तरीही काही महिन्यांतच विक्री थांबविण्यात आली आणि १६३३ साली गॅलिलिओस शिक्षा झाली. १६१६ साली मिळालेली ताकीद लपवून त्याने परवाना मिळविला, असा ठपका निकालपत्रात होता. ज्यांनी नियमाप्रमाणे हस्तलिखित पुढे पाठविले, त्यांची सही लेखकाच्या उपयोगी पडली नाही.

निषिद्ध ग्रंथांच्या सूचीचे कायदेशीर बंधन १९६६ साली संपले. पूर्वपरीक्षण मात्र संपले नाही; त्याचे क्षेत्र आकुंचित झाले. १९८३ च्या धर्मविधिसंहितेनुसार बायबलच्या आवृत्त्या, प्रार्थनापुस्तके, धर्मशिक्षणाची पुस्तके आणि शाळांतून वापरावयाची धर्मशास्त्रीय पाठ्यपुस्तके यांना मान्यता आवश्यक आहे. धर्मविषयक अन्य ग्रंथ बिशपांकडे सादर करण्याची केवळ शिफारस आहे. पण अनुमतीविना ते चर्चमध्ये विकता वा वाटता येत नाहीत. लेखक स्वतःच्या किंवा प्रकाशनस्थळाच्या बिशपांकडे जाऊ शकतो. परीक्षकाने व्यक्तीविषयीचा लोभ वा आकस बाजूस ठेवून लेखी अभिप्राय द्यावयाचा असतो. अभिप्राय अनुकूल असल्यास बिशपांनी आपल्या विवेकानुसार अनुमती द्यावी व तीत स्वतःचे नाव नमूद करावे. नकार असल्यास कारणे लेखकास कळवावीत, असे कलम ८३० सांगते. कारणे कळविण्याचे हे बंधन लेखकाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे म्हणावे लागेल, कारण निनावी संशयाला उत्तर देता येत नाही.

दिलेली अनुमती परतही घेतली जाते. अमेरिकेत ‘ख्राइस्ट अमंग अस’ हे प्रौढांसाठीचे धर्मशिक्षणाचे पुस्तक अनेक वर्षे प्रचारात होते. न्यूअर्कच्या आर्चबिशपांनी त्यास दिलेले इम्प्रिमातुर १९८४ साली व्हॅटिकनच्या सूचनेवरून काढून घेण्यात आले. स्थानिक बिशपांचा अधिकार अंतिम नाही, हे त्यातून उघड झाले.

अनुवादकांच्या दृष्टीने कलम ८२९ विशेष महत्त्वाचे आहे. अनुमती मूळ संहितेपुरतीच असते; नव्या आवृत्तीस किंवा भाषांतरास ती आपोआप लागू होत नाही. त्यामुळे इंग्रजी ग्रंथावरील इम्प्रिमातुर त्याच्या मराठी अनुवादावर तसेच छापता येत नाही. त्यासाठी अनुवादाचे हस्तलिखित पुन्हा परीक्षकापुढे ठेवावे लागते.