गणिताची गोडी मोजायची कशी?

दहावीला गणितात ९५ गुण मिळविणारा विद्यार्थी अकरावीत गणित सोडतो आणि पुन्हा त्या पुस्तकाकडे वळत नाही, हे शहरी घरांतून नवे नाही. विद्यार्थ्याला काय येते, हे गुणपत्रिका सांगते. गणित शिकावेसे वाटते की नाही, याचा मात्र तिच्यात पत्ता नसतो.

ही ओढ मोजण्याचा एक गाजलेला प्रयत्न अमेरिकेत १९७६ मध्ये एलिझाबेथ फेनेमा आणि ज्युलिया शर्मन यांनी केला. मुली गणितापासून दूर का जातात, हा त्यांच्यापुढील प्रश्न होता. त्यांनी नऊ श्रेणी तयार केल्या. प्रत्येक श्रेणीत १२ विधाने. सहा अनुकूल, सहा प्रतिकूल. त्यामुळे सरसकट 'सहमत' अशी खूण करीत जाणारा विद्यार्थी लगेच लक्षात येतो.

पंधरा वर्षांच्या मुलांसाठी असलेल्या 'पिसा' या आंतरराष्ट्रीय चाचणीने २०१२ मध्ये प्रेरणेचे दोन प्रकार वेगवेगळे मोजले: गणितात मिळणारा आनंद आणि पुढे नोकरीत होणारा उपयोग. (आपल्याकडील पालकांना दुसरा अधिक ओळखीचा वाटेल.) निष्कर्ष मात्र बुचकळ्यात टाकणारे होते. एकाच देशातील मुले पाहिली, तर आवड असणाऱ्यांना साधारणपणे गुणही अधिक; पण देशांची परस्परांशी तुलना केली की हे नाते उलटे दिसते. जपानची मुले गुणांत आघाडीवर, आवडीत सरासरीच्याही खाली.

यामागील एक कारण मापनातच दडलेले आहे. 'सहमत' या शब्दाचे वजन सर्वत्र सारखे नसते, आणि प्रत्येक विद्यार्थी स्वतःला आसपासच्या मुलांशी ताडून पाहतो. म्हणून त्याच चाचणीत काही काल्पनिक शिक्षकांची वर्णने देऊन त्यांच्याविषयी मत विचारण्यात आले. वर्णन सर्वांना एकच असल्याने उत्तरातील फरकावरून विद्यार्थ्याची फूटपट्टी कळते. दुसरी युक्ती अधिक मिस्कील होती. परिचित संज्ञांच्या यादीत 'डिक्लेरेटिव्ह फ्रॅक्शन'सारख्या, गणितात अस्तित्वातच नसलेल्या तीन संज्ञा घुसडल्या होत्या. 'ही मला चांगली ठाऊक आहे' म्हणणाऱ्याची इतर उत्तरे किती मानायची, हे त्यावरून ठरविता येते.

प्रश्न न विचारताही ओढ मोजता येते. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी दिली, मध्येच त्यांना एकटे सोडले आणि मोकळ्या वेळेत कोण कोडे सोडवीत बसतो, हे गुपचूप पाहिले. कोडी सोडविण्यासाठी आधी पैसे मिळालेल्यांची, पैसे बंद होताच, ओढ ओसरलेली दिसली. लाखो विद्यार्थ्यांवर अशी नजर ठेवणे अशक्य असल्याने मोठ्या पाहण्यांची भिस्त प्रश्नावलीवरच राहते.