दहावा माणूस

पनवेलचं बेथ एल सिनेगॉग 1849 सालचं. आम्ही राहतो खांदेश्वरला, म्हणजे रेल्वेने एकच स्टेशन अलीकडे. नातू तेराव्या वर्षाला टेकला तशी घरात बोलणी सुरू झाली : हॉल कुठला घ्यायचा, पानं किती, इस्राएलहून कोण कोण येणार. मी आयुष्यभर मराठी शाळेत शिकवलं. मला वेगळीच काळजी लागली. एवढं सगळं होईल, पण या पोराच्या अंगावर त्या दिवशी काम कोणतं पडणार?

ज्यांना आमच्या रीतीभाती ठाऊक नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. यहुदी मुलगा तेरा वर्षांचा झाला की धर्माच्या आज्ञा पाळण्याची जबाबदारी त्याची स्वतःची होते. ही बार मित्झ्वा. मुलींचं वय बारा, त्यांची बाथ मित्झ्वा. मुलगा सेफर तोराहपुढे, म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळीपुढे, उभा राहून हिब्रू वाचतो, दंडाला आणि कपाळाला तेफिलीन, म्हणजे धर्मवचनं ठेवलेल्या छोट्या चामडी पेट्या, बांधू लागतो. तेफिलीन शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, बांधत नाहीत, म्हणून काही घरं सोमवार नाहीतर गुरुवार धरतात. त्या सकाळीही तोराह वाचली जाते. बाप एक छोटी बराखा, म्हणजे आशीर्वचन, म्हणतो, तिचा मथितार्थ असा, की आजपासून या मुलाच्या वागण्याचा भार माझ्यावरून उतरला. घरी मलिदा होतो : भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, सुकामेवा, फळं, आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं स्मरण. सोसायटीतल्या काकू म्हणाल्या, "म्हणजे तुमची मुंजच की!" बऱ्याच अंशी तसंच.

पण आमच्यात एक गोष्ट जास्तीची आहे. दहा जण जमल्याशिवाय सामुदायिक प्रार्थनेतले महत्त्वाचे भाग म्हणता येत नाहीत, सेफर उघडून वाचता येत नाही. याला मिन्यान म्हणतात. आमच्या परंपरेत हे दहा पुरुष असावे लागतात, आणि पुरुष कधीपासून, तर तेरा वर्षांचा झाल्यापासून. आमचे, म्हणजे बेने इस्राएलांचे, पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. केहीम, रोहा, पेण, नवगाव ही गावं आमच्या आडनावांत अजून नांदतात, माणसं मात्र 1948मध्ये इस्राएल देश झाल्यावर मोठ्या संख्येने तिकडे गेली. आज भारतात आम्ही साधारण पाच हजार उरलो, तेही बहुतेक मुंबई-ठाण्यात. अलिबाग, रेवदंडा, पेण इथली सिनेगॉगं उभी आहेत. दहा जण जमवणं हे तिथलं रोजचं कोडं. नऊ म्हातारे दाराकडे बघत बसलेत आणि तेरा वर्षांचं पोर आत आलं, की प्रार्थना सुरू होते. माझ्या मते बार मित्झ्वातली पहिली समाजसेवा हीच. पोराचं नुसतं हजर असणं कुणाच्या तरी गरजेचं आहे, हे त्याला त्या वयात समजलं पाहिजे.

अमेरिकेत याला पुढचं वळण मिळालं आहे. तिथे बहुतेक ठिकाणी मुलं बार मित्झ्वाच्या वर्षी एखादं सेवेचं काम हाती घेतात, त्याला मित्झ्वा प्रोजेक्ट म्हणतात. 1980च्या दशकात तिथली मुलं सोव्हिएत संघात अडकलेल्या यहुदी मुलांना आपलं जुळं भावंड मानून, त्यांचंही नाव घेऊन आपला विधी करत. 1985मध्ये भुकेलेल्यांसाठी माझोन नावाची संस्था निघाली. तिचं मागणं साधं : समारंभाच्या खर्चातले तीन टक्के भुकेल्यांसाठी बाजूला काढा. हा हिशेब मला फार आवडतो, कारण मेजवानी मोठी केली तर वाटाही आपोआप मोठा होतो. मात्र यातलं बरंचसं आईबापच करतात आणि मूल फोटोपुरतं उभं राहतं, तेही दिसतं. तसली सेवा नसलेली बरी. काम मुलानेच निवडावं, आपल्या हातांनी करावं, आणि समारंभ झाल्यावरही ते चालू राहावं.

आमच्या नातवाने कब्रस्तान निवडलं. रायगड जिल्ह्यातल्या आमच्या मूळ गावी जुनं कब्रस्तान आहे. पावसाळ्यात गवत कमरेइतकं वाढतं. धर्मात मेलेल्यांच्या सेवेला खेसेद शेल एमेथ म्हणतात, खरी कृपा; कारण त्यांच्याकडून परतफेडीची आशाच नसते. शब्बाथला काम वर्ज्य, म्हणून रविवारी बापलेक जातात. सोबत सोसायटीतले त्याचे मित्र असतात, त्यातले दोघे गणपती मंडळाचे कार्यकर्ते.

दगड साफ करायचीही रीत आहे. ॲसिड लावायचं नाही, तारेचा ब्रश चालवायचा नाही, दोन्हींनी अक्षरं झडतात. साधं पाणी आणि मऊ ब्रश. झिजलेला लेख भर दुपारी वाचता येत नाही. सकाळी ऊन तिरकं पडलं की अक्षरांच्या कडेला सावली धरते आणि नाव उठून येतं. वर हिब्रू, खाली मराठी. हसाजी, समाजी, एलोजी अशी नावं लागतात, तेव्हा पोरं थबकतात. हसाजी म्हणजे यहेज्केल, समाजी म्हणजे शमुएल. नातू प्रत्येक लेख वहीत उतरवतो. इस्राएलमधल्या नातेवाइकांनी त्यातल्या काही नावांवरून आपले पणजोबा ओळखले.

मिन्यानमध्ये मुलींना आमच्याकडे मोजत नाहीत, सेवेत मात्र असा कोणताच अडसर नाही. आमच्याच समाजातल्या डॉ. जेरुशा झिराड यांचं उदाहरण मी नातीला नेहमी सांगते. लंडन विद्यापीठाची एम.डी., मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या अधीक्षक, हजारो गरीब बायकांच्या डॉक्टर, 1966मध्ये पद्मश्री. 1925मध्ये मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन उभी करण्यातही त्या पुढे होत्या. आणि हाईम सॅम्युएल केहीमकरांनी 1875मध्ये काढलेली इस्राएली शाळा आज माझगावला सर एली कदूरी शाळा म्हणून चालते. तिथे शिकणारी बहुतेक मुलं आता मुसलमान आणि इतर धर्मांची आहेत. आपल्यासाठी काढलेली शाळा शेजाऱ्यांची झाली, याचा मला अभिमान वाटतो.

रम्बम या धर्मपंडिताने दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. सर्वांत वरची पायरी म्हणजे माणसाला स्वतःच्या पायावर उभं करणं. तेरा वर्षांच्या मुलाला एवढं जमणार नाही, पण शेजारच्या आजोबांना मोबाइलवर पेन्शन बघायला शिकवणं जमेल, आणि तेही त्याच वाटेवरचं आहे. ज्या बेने इस्राएली घरांत यंदा बार किंवा बाथ मित्झ्वा आहे, त्यांनी हॉल ठरवण्याआधी मुलाला विचारावं, तू काय करशील?

आणि कोकणातल्या वाचकांना एक विनंती. तुमच्या वाडीत, शेताच्या बांधावर अनोळखी अक्षरांचा जुना दगड असेल तर तो फोडू नका, पायरीला लावू नका. अलिबाग, पेण किंवा पनवेलच्या सिनेगॉगला कळवा. तो दगड कुणाच्या तरी घरातला माणूस आहे.