परक्या पानावरील पथ्य

गाव बदलले की अन्नाची चव बदलते, तशी पदार्थांची नावेही बदलतात. ज्यांना एखादे अन्न सोसत नाही, त्यांच्या जिवावर हा फरक बेतू शकतो. ‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने योजिला. ॲलर्जी म्हणजे अपचन नव्हे. शरीराची संरक्षणव्यवस्था अन्नातील निरुपद्रवी प्रथिनाला शत्रू मानते; मग अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, प्रसंगी श्वास कोंडतो. त्यास कित्येकदा अल्पसा अंशही पुरतो.

गोव्यातील पेडणे व डिचोली हे तालुके काजूच्या बागांचे. पेडण्यातील मोपा विमानतळावरून २०२३ च्या जानेवारीत प्रवासी वाहतूक सुरू झाली. तेथे उतरून हरमलच्या किनाऱ्यावर किंवा नार्व्याच्या सप्तकोटेश्वराला जाणाऱ्याने या प्रांताचे स्वयंपाकघर जाणून घ्यावे. ओल्या काजूगराची भाजी डोळ्यांना दिसते. वाटणात पडलेला काजू दिसत नाही. कोळंबीला येथे सुंगट व सुक्या बारीक कोळंबीला गालमो म्हणतात. गालमो चवीपुरता भाजीतही पडतो. तेव्हा नुसती भाजी मागितली म्हणजे धोका टळला, असे नव्हे. बेबिंक या गोड पदार्थात अंडी असतात. शिवाय एकाच कढईच्या तेलात सुंगटे आणि बटाटे दोन्ही तळले जातात.

२०२० च्या केंद्रीय नियमांनुसार वेष्टनबंद खाद्यावर ॲलर्जीकारक घटक नोंदवावे लागतात. उपाहारगृहांपैकी केंद्रीय परवान्याची किंवा दहा वा अधिक ठिकाणी चालणारी तेवढीच या बंधनात येतात. गावच्या खानावळीत पाटी नसते. तेथे विचारणे हाच उपाय. प्रश्न वाढप्यापेक्षा रांधणाऱ्याला, जेवणापूर्वी आणि पदार्थाच्या स्थानिक नावाने करावा. ‘अगदी थोडे आहे’ हे उत्तर नकारच समजावे. काजू न सोसणाऱ्याने पिस्ताही टाळावा, कारण दोहोंतील प्रथिने जवळची आहेत.

एवढे करूनही श्वास अडला, घसा आवळला किंवा भोवळ आली, तर केवळ ॲलर्जीच्या गोळीवर विसंबू नये. वैद्यांनी ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन दिलेले असल्यास ते मांडीच्या बाहेरील बाजूस तत्काळ टोचावे, रुग्णास आडवे करावे, श्वासास त्रास होत असल्यास बसू द्यावे, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. बरे वाटले तरी रुग्णालयात जावेच; लक्षणे काही तासांनी उलटू शकतात.

पानावर बसून चौकशी करणे आपल्याकडे संकोचाचे वाटते. परंतु पाहुणा सुखरूप परतावा, हीच यजमानाचीही इच्छा असते.